जऊळक्याचं पाणी

"बाई! अवो बाई! तुमच्या पोलक्याच्या अस्तराचं गाव सापडलं!"

पडघान सर स्टाफरूममध्ये कधी सरळ चालत आलेच नाहीत. यायचे ते असे, धाडकन. जऊळक्याच्या शाळेत गणित शिकवायला लागून मला जेमतेम आठवडा झाला होता. मी कारंज्याची मुलगी, पहिली नोकरी, दोन्ही खांद्यांवरून घट्ट पदर. आणि हा उंच, सावळा, कुरळ्या केसांचा इंग्रजीचा मास्तर भर स्टाफरूममध्ये माझ्या अस्तराबद्दल ओरडतोय! हेडमास्तरांच्या तोंडातली सुपारी चघळायची थांबली. मला तर धरणी दुभंगावी असं झालं.

सरांना त्याचं काय! त्यांनी बगलेतली जाडजूड डिक्शनरी टेबलावर आदळली. "कॅलिको म्हन्तेत ना या कापडाले? कालिकतवरून आलं! तिकडं केरळात बंदर हाय. थ्या गावचं कापड जहाजात बसून इंग्लंडले गेलं, अन् जाता जाता गावाचं नाव संगं घेऊन गेलं. आता गोऱ्या बाईले कालिकत कुठं हाय हे ठाऊक नाही, पन तोंडात रोज कालिकत! हाय का नाही मज्जा?"

मज्जा होती खरी. पण मी हसायला लागले ती तिसऱ्या दिवशी, घरी गेल्यावर.

गावाचं नाव इंग्रजीत कसं शिरतं, हा सरांचा रोग होता. दुसरा शब्द मला सुचत नाही. माणसाला पत्त्यांचा असतो, कुस्तीचा असतो, तसा. रेल्वेचा खलाशी निळी डांगरी घालून रुळावरनं चालला की हे वर्गातल्या पोरांना खिडकीशी गोळा करायचे. "पाहा रे! थो मानूस मुंबईची डोंगरी आंगात घालून चालला! डोंगरीचं जाडंभरडं कापड, त्याची झाली डंगरी!" जनावरांच्या दवाखान्यात पहिली जर्सी गाय आली तेव्हा सगळं गाव तिचं दूध मोजायला गेलं. सर गेले ते तिचं अभिनंदन करायला. तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "बाई, तुह्या बेटाचं नाव गाईलेबी अन् सुटरलेबी! एका गावानं किती मिळवावं!" गाय बिचारी रवंथ करत राहिली.

आपल्या अमरावतीचं काय, असं एकदा मी मुद्दाम विचारलं. सरांचा चेहरा पडला. म्हणाले, "गेलं होतं ना. आपला वऱ्हाडी कापूस विलायतेच्या बाजारात अमरावतीच्या नावानं इकला जाये. पन ते नाव दलालायच्या तोंडात राह्यलं. घरात नाही शिरलं. बाजारातला शब्द बाजार उठला की जाते. चुलीपाशी बसते तो खरा शब्द."

त्यांची स्वतःची कसोटी होती. ज्यानं गाव कधी पाहिलं नाही, ते कुठं आहे हेही ज्याला माहीत नाही, त्याच्या तोंडात सहज गावाचं नाव आलं, तरच शब्द झाला म्हणायचं. आणि डिक्शनरीवर थाप मारून म्हणायचे, "या पुस्तकाच्या दारात कोनी जात इचारत नाही. लोकं तुले वापरतेत का, एवढंच इचारतेत. हो म्हनलं की ये अंदर." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की सर तोंड उघडायच्या आधी मी ते पुरं करायचे. ते चिडायचे नाहीत. उलट म्हणायचे, "पाहा, वापरात आलं!"

सरांची आणखी एक सवय सांगायलाच हवी. त्यांच्या खांद्याला कायम एक पाण्याची बाटली असायची, खाकी कापडाचं कव्हर शिवलेली, शिपायांकडे असते तशी. स्टाफरूममध्ये माठ होता, थंडगार. सर त्यातलं पाणी कधी घ्यायचे नाहीत. कुणाच्या घरी गेले आणि चहा दिला तर पीत, पण पाणी मागत नसत. उन्हाळ्यात बाटली संपली तर तसेच राहत, ओठ सुकेपर्यंत. मी एकदा फटकन विचारलं, "काहून हो सर, माठाशी भांडण आहे का?" ते हसले. "लहानपनी लय मांगितलं, बाई. मांगून मांगून कोटा संपला." आणि लगेच मॅराथॉन हे कोणत्या मैदानाचं नाव ते सांगायला लागले. सर वस्तीतले, बौद्ध. लहानपणी पाण्यासाठी त्यांना कुठं कुठं उभं राहावं लागलं असेल, हे वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मग देवलालीचा तास झाला. नववीचा वर्ग, मी शेजारच्या वर्गात, मधे नुसती तट्ट्याची भिंत. सर सांगत होते की नाशिकजवळच्या देवलालीत गोऱ्या सोजिरांची छावणी होती. नोकरी संपलेले सोजीर तिथं येऊन बसायचे, घरी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत. जहाज लवकर येईना. ऊन, धूळ, काम नाही, धंदा नाही. कित्येकांची डोकी फिरली. तेव्हापासून इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलाली' म्हणतात. म्हणजे देवलालीच.

"म्हंजे बह्याड, सर?" एक पोरगा ओरडला, आणि वर्ग खदाखदा हसला.

सर हसले नाहीत. भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज चढलेला ऐकू आला. "देवलालीनं काय गुन्हा केला होता रे? इंग्रजीत जागा भेटली, अन् भेटली तं बह्याडाची! थ्या सोजिरायले कोनी एकानं जरी रोज इचारलं असतं, बसा, पानी घ्या, दम खा, तं थ्या शब्दाचा अर्थ येगळा झाला असता!"

त्यानंतर महिनाभरातच आम्ही दोघं शाळेच्या कामासाठी अकोल्याला चाललो होतो. तेव्हा आमचं वाशीम अकोला जिल्ह्यातच होतं, त्यामुळे कशाही कामाला अकोलाच. आमची मीटरगेजची गाडी, एकेरी रूळ. समोरून दुसरी गाडी यायची असली की एकीनं स्टेशनात थांबून वाट द्यायची, त्याला क्रॉसिंग म्हणत. का कोण जाणे, दुपारच्या पॅसेंजरचं क्रॉसिंग हटकून जऊळक्याला पडायचं. उतारू तापलेल्या डब्यात बसून रुळाकडे बघत राहायचे. स्टेशनावर ना चहा, ना पाणी. एक लिंबाचं झाड, त्याखाली दोन कुत्री.

डब्यात दोन तिकीट तपासनीस आमच्यासमोर बसले होते. एक दक्षिणेकडचा म्हातारा, एक तरुण. दोघांची भाषा वेगळी, म्हणून इंग्रजीत बोलत होते. तरुण कुठल्याशा साहेबाची तक्रार करत होता की त्यानं दिवसभर ऑफिसबाहेर उगीच बसवून ठेवलं. म्हातारा मान हलवून म्हणाला, "ही जऊळका'ड यू, मॅन!"

सर जागेवरून उडालेच. माझ्या डब्यातली शेव सगळी सांडली.

"एक्सक्यूज मी, सर," त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं. "व्हॉट इज द मीनिंग?"

म्हाताऱ्यानं मनापासून समजावून सांगितलं. जऊळका करणं म्हणजे माणसाला मूर्खासारखं, काही कारण नसताना ताटकळत ठेवणं. आम्ही सगळे असंच म्हणतो, पार पूर्णा जंक्शनपर्यंत.

अकोल्याच्या प्लॅटफॉर्मवर उतरलो, तर सर चालेचनात. वेड्यासारखे येरझारा घालत होते. "बाई, मले आनंद करू का रडू हे समजून नाही राह्यलं! आपलं गाव इंग्रजीत जाऊन राह्यलं, बाई! जऊळका! आपल्या डोळ्यादेखत! अन् कसं जाऊन राह्यलं? मान खाली घालून, चपला हातात घेऊन!"

"तुमचीच कसोटी ना, सर? लोकांच्या तोंडात आलं की झालं," मी आपलं काहीतरी म्हटलं.

ते थांबले. मग जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकलं. "माह्या बापाले गाव एका शब्दानं हाका मारे. थे नाव नव्हतं बाई, शिवी होती. छप्पन साली बाप नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला. दुसऱ्या दिवसापासून थ्या शब्दाले त्यानं ओ देल्ली नाही. लोकं हाका मारे, बाप चालत राहे. काम बुडे, मजुरी बुडे, तरी चालत राहे. मंग एक दिवस मोठ्या शेतकऱ्याच्या तोंडातून निघालं, 'पडघानभाऊ, थांबा जरा.' नावाचा अर्थ बदलते, बाई. पन बसून नाही बदलत. अजून हे नाव कच्चं हाय, रेल्वेतच फिरून राह्यलं. पक्कं व्हायच्या आंधी आपन त्याले वळवू!"

म्हणजे गावाचं नाव इंग्रजीत कोणत्या अर्थानं जाणार, याची लढाई हा माणूस एकट्यानं अंगावर घ्यायला निघाला होता! मला हसूही आलं आणि अंगावर काटाही आला.

सरांची योजना साधी होती. दुपारची पॅसेंजर थांबली की उतारूंना पाणी द्यायचं. बाप्पा, पण साल कोणतं? बहात्तरला पावसानं दगा दिलेला, त्याच्या पुढचा उन्हाळा. विहिरींचा तळ दिसत होता. मारोतीच्या पारावर बैठक बसली. शाळेच्या कमिटीवर गणपतराव म्हणून गावातले मोठे शेतकरी होते. ते म्हणाले, "मास्तर, गावाले प्याले पानी नाही, अन् तुमी गाडीले पाजता?"

"घरामांगं एक तांब्या," सर म्हणाले. "फक्त एक. सगळ्या घरायचा. त्यानं गावाचं नाव पार हैदराबादपर्यंत जाईन."

नावाचं म्हटल्यावर गणपतराव जरा हलले. "बरं, देऊ. पन आमच्या आळीचा रांजन येगळा ठेवा. गाडीतले लोकं इचारतेत ना, कोनाचं पानी हाय म्हनून. मंग काय सांगसान?"

हा प्रश्न तेव्हा सगळ्या मुलखात विचारला जायचा. तहानेनं जीव चालला तरी माणूस आधी विचारणार, कोणाचं पाणी?

सर उभे राहिले. "त्याच्यासाठीच तं एक रांजन पाह्यजे, गणपतराव! सगळ्या घरचं पानी एका रांजनात पडलं की मंग कोनाचं म्हनून सांगता येते? जऊळक्याचं! दुसरं उत्तरच नाही राह्यत. दोन रांजन ठेवले तं एका नावाचे दोन अर्थ होतीन, अन् त्यातला एक पुन्हा शिवीचाच राहीन. दोन ठेवाचे असन तं एकही नको. जाऊ द्या नाव जसं जाऊन राह्यलं तसं."

गणपतराव धोतर झटकून उठले. त्यांच्यामागं अर्धा पार रिकामा झाला.

पहिल्या दिवशी लिंबाखाली रांजण मांडला. वस्तीतल्या बाया आल्या, माळीपुऱ्यातली चार घरं आली, स्टेशनमास्तरच्या बायकोनं तांब्या ओतला, मी माझा ओतला. रांजण निम्मासुद्धा भरला नाही. सिग्नल पडला. सर रांजणात वाकून बघत होते, जसं काही बघून पाणी वाढणार होतं. "बाई, इतक्या पान्यात एक डबाबी होत नाही. पानी संपलं अन् लोकं तसेच राह्यले, तं मंग जऊळका म्हंजे काय होईन सांगा? दाखवून न देनं!" मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात फाटकाकडून काशीबाई आल्या. काशीबाई म्हणजे गणपतरावांच्या घरच्या. डोक्यावर भरलेली घागर. मागे, बऱ्याच लांब, गणपतराव "अवो, अवो" करत. काशीबाईंनी कुणाकडं पाहिलं नाही. घागर खळखळ रांजणात रिकामी केली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "माहा लेक औरंगाबादले शिकून राह्यला. रेल्वेनं येते-जाते. त्याले कुठं तहान लागली अन् लोकं असेच कोनाचं-कोनाचं करत बसले तं? मेला ना माहा लेक!"

गाडी आली. पोरापोरींनी जर्मनचे गिलास घेऊन खिडक्या धरल्या. सातवीतली शांता, सरांच्या वस्तीतली, मोठी तिखट पोरगी. तिच्या खिडकीत पांढऱ्या टोपीचे एक गृहस्थ. त्यांनी गिलासाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कोणाचं पाणी आहे?"

"जऊळक्याचं."

"तसं नाही गं. कोणाचं?"

"जऊळक्याचं म्हनलं ना! तहान तुमची, पानी जऊळक्याचं!"

गृहस्थ हात पुढं करेनात. मग काशीबाईच खिडकीशी गेल्या. "माही घागर हाय त्याच्यात, अन् या पोरीच्या मायचा तांब्याबी हाय. आता काय निवडून पेता, दादा?"

सगळा डबा हसला. गृहस्थांनी खिडकी लावून घेतली, ती गाडी सुटेपर्यंत उघडली नाही. पण त्यांच्या पलीकडच्या खिडकीतून एका बाईचा हात बाहेर आला, मग दुसरा, मग इतके हात की शांता रडकुंडीला आली. "सर, गिलास पुरून नाही राह्यले!" शेवटच्या डब्यातून गार्डही उतरला. त्यानं ओंजळ धरली आणि पोटभर प्याला. सर प्लॅटफॉर्मवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लहान पोरासारखे धावत होते. दोनदा पडले. मी खरं सांगते, माझ्या लग्नातसुद्धा मला इतका आनंद झाला नाही!

पुढं गणपतरावांच्या आळीतली घागर रोज यायला लागली. गणपतराव स्वतः कधी आले नाहीत, पण काशीबाई म्हणायच्या, "सकाळीच इचारतेत, घागर भरली का म्हनून." पाऊस पडला, विहिरी भरल्या, तरी रांजण हलला नाही. दर उन्हाळ्यात लिंबाखाली तो असायचाच.

पण शब्द? शब्द काही वळेना. रविवारी सर तिकीट काढून वाशीमपर्यंत जायचे आणि परत यायचे, नुसते ऐकायला. रेल्वेची दोन माणसं इंग्रजीत बोलताना दिसली की हे त्यांच्या पाठीशी जाऊन उभे. एका तपासनिसाला वाटलं, हा विनातिकीट. त्यानं दरडावून तिकीट मागितलं. सरांनी ते दाखवलं आणि वर विनंती केली, "आणखी थोडं इंग्रजी बोला ना, साहेब." हे त्यांनी स्वतःच मला हसत हसत सांगितलं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तिकीट काढलं.

वर्गातली पोरं मदतीला धावली. "सर, एक जऊळका द्या ना," असं म्हणायला लागली. सर खवळले. "खबरदार! आपन नाही म्हनाचं. आपलं नाव आपनच वाजवलं तं ते दवंडी होते. थे लोकायच्या तोंडून आलं पाह्यजे. मी तं मरेपर्यंत नाही म्हननार!" आणि खरंच, त्या अर्थानं तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

माझं लग्न झालं, धनजला बदली झाली. लेकरं, शाळा, सासर यांत वर्षं गेली. सरांची खुशाली कधी कानावर यायची, कधी नाही.

मग एका मे महिन्यात मी पेपर तपासायला अकोल्याला गेले होते. स्टेशनात शिरले तर बाकावर कोण? पडघान सर! केस पिकलेले, चष्मा लागलेला, बगलेत तीच डिक्शनरी, खांद्याला तीच बाटली. मला पाहून उठले आणि पहिलं वाक्य काय, तर, "बाई! तुमच्या साडीचं गाव सापडलं!" मला हसू आवरेना. उन्हानं माझा घसा कोरडा पडला होता. त्यांनी बाटली पुढं केली, "घ्या, आत्ताच भरली, काठोकाठ." मी दोन घोट घेतले. शब्दाचं काय झालं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. त्यांनीच सांगितलं, "रांजन चालू हाय. शांता मास्तरीन झाली, थेच पाह्यते आता. बाकीचं... राहीन. देवलालीनं तरी कुठं मांगितलं होतं?" हसले, पण ते हसू त्यांचं नव्हतं.

खांडव्याकडची गाडी आली. एक बाई कडेवर लेकरू घेऊन उतरली आणि उतरताच मटकन खाली बसली. उन्हानं पार कोमेजली होती. गाडीचा गार्ड तरुण होता, कुठल्या तरी लांबच्या मुलखातला. तो धावत आला आणि पाण्याच्या गाड्यावरच्या हमालाला ओरडला, "गिव्ह हर अ जऊळका! क्विक, मॅन! जऊळका!"

सर उभे राहिले. डिक्शनरी खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

बाई पाणी प्याली, सावरली. सर गार्डजवळ गेले. मीही मागं. सरांनी इंग्रजीत विचारलं, "साहेब, हा तुम्ही म्हणालात तो शब्द, त्याचा अर्थ काय?"

"यू डोन्ट नो?" गार्डला नवल वाटलं. मग त्यानं सांगितलं. पाणी, पण विकतचं नाही, मागून घेतलेलंही नाही. माणूस कोण, कुठला, हे न विचारता जे देतात ना, ते.

"कुठून आला हा शब्द?"

गार्डनं खांदे उडवले. तो खांडव्याच्या बाजूलाच नोकरी करणारा, अकोल्याच्या पुढे वाशीमकडे कधी गेला नव्हता. "नो आयडिया. ओल्ड रेल्वे वर्ड. उर्दू असेल."

माझ्या तर जिभेवर आलं होतं. अरे लेका, उर्दू कुठली, ते गाव आहे आमचं, आणि हा तुझ्यासमोर उभा आहे ना, हा माणूस! मी तोंड उघडलं. सरांनी मागं न पाहताच तळहात वर केला, वर्गाला गप्प करायचे तसा.

"सांगा ना हो त्याले!" मी कुजबुजले.

"नाही, बाई," ते तितक्याच हळू म्हणाले. डोळे वाहत होते, आणि चेहरा असा फुलला होता की काय सांगू. "सांगितलं तं पुन्हा गाव होईन. शब्द झाला आता थो. जाऊ द्या त्याले."

सरांची गाडी लागली होती. मी डिक्शनरी उचलून त्यांच्या हातात दिली. ते दोन पावलं गेले, थांबले आणि परत वळले. गार्ड खाली वाकून पाण्याच्या गाड्यावरून स्वतःसाठी गिलास भरत होता. सर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, खांद्याला ती भरलेली बाटली. त्यांनी हात पुढं केला.

"वन जऊळका, प्लीज."

गार्डनं मान वर करूनही पाहिलं नाही. हातातला गिलास आधी सरांना दिला.